चौकाची पाठ आमच्या दाराकडे

आम्ही गतिरोधक मागितला होता. दुसरं काही मागितलं नव्हतं.

गाव संपता संपता जो फाटा लागतो, त्याच्या कोपऱ्यावर आमचं घर. तीन रस्ते तिथे मिळतात. एक गावातून येतो, एक गोंडपिपरीकडे जातो आणि तिसरा नदीच्या पुलाकडे, पुढे मार्कंड्याला. घर एकच, पण दारं दोन. डाव्या अर्ध्यात मी आणि माझा नवरा, उजव्या अर्ध्यात माझी थोरली जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. दोन अर्ध्यांच्या मधल्या भिंतीला एक दार आहे, त्याला कडी कधी लागलीच नाही. आम्ही मासे धरणाऱ्यांपैकी. घरामागे वस्ती आणि वस्तीच्या मागे तलाव. नवरा तिथे जाळं टाकतो, पावसाळ्यात धानाचा एक तुकडा करतो. मासे विकायचं काम जाऊबाईंचं. मी बारावी शिकले म्हणून अंगणवाडीत लागले, आणि घरात लिहिणारी अशी मी एकटीच.

जुना फाटा काही देखणा नव्हता. पत्र्याचा बसथांबा होता, त्याच्या बाजूला हातपंप, त्याच्या पलीकडे दोन आडोशांची मुतारी. थांब्याच्या सावलीत मासेवाल्या बायांची रांग बसायची. जाऊबाई त्यात पहिल्या. मुतारीला दार नव्हतं, पाणी नव्हतं, नाकाला पदर लावल्याशिवाय बाजूने जाता येत नसे. पण होती.

मग लोखंडाच्या दगडाचे ट्रक सुरू झाले. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, एकामागे एक. फाट्यावर वळताना कोणी वेग कमी करत नसे. एका दुपारी एक ट्रक वळला तो थेट आमच्या कुंपणात शिरला आणि शेजाऱ्याची कालवड चाकाखाली गेली. त्या दिवशी सगळी वस्ती रस्त्यावर बसली. बाया पुढे, माणसं मागे. संध्याकाळी एक मोठे साहेब आले. सोबत आमचे नगरसेवक होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका गतिरोधकाने काय होणार? तुम्हाला अख्खा चौकच नवा करून देऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काम सुरू झालं ते पाडण्यापासून. थांबा गेला, हातपंप मुळासकट उपटला, मुतारी तर पहिल्याच सकाळी भुईसपाट झाली. जाऊबाई कामावरच्या मिस्त्रीला जाऊन विचारून आल्या.

"मुतारी पाडली बापा, मग नवी कुठी बांधून राह्यले?"

"नकाशात नाई, बाई."

"अन् लोकं?"

मिस्त्री हसला. "लोकंही नाईत नकाशात."

आम्हीही हसलो तेव्हा.

रस्ता इतका उंच केला की आमच्या घरी यायला आधी पायरी चढावी लागायची, आता उतरावी लागते. मधोमध एक गोल बेट केलं, त्यात कारंजं. आणि बेटापेक्षाही मोठा थाट केला तो आमच्या घरापुढच्या पट्टीवर. ही पट्टी सरकारची, हे खरंच आहे. पण तिथे माझ्या सासूच्या आधीपासून आमच्याकडच्या बाया सुकसी वाळवत आल्या. उन्हाळ्यात मासळी वाळत घातली की वर जुनं जाळं पसरायचं आणि कावळे हाकायला कोणीतरी बसायचं. तिथे काळ्या दगडाचा ओटा बांधला आणि त्यावर माणसाएवढी अक्षरं उभी केली. गावाचं नाव, त्याच्या आधी पत्त्यांतल्यासारखा मोठा लाल बदाम. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे लिहिलेलं आहे तेवढं पुरे.

अक्षरांचं तोंड रस्त्याकडे. पाठ आमच्याकडे. बाजा टाकल्या तर मधे दोनच मावतील एवढं अंतर. समोरून रंग, दिवे, चकाकी. आमच्या दारातून दिसायचे ते लोखंडी अँगल, लोंबणाऱ्या वायरी आणि मागून भिंतीसारखा उभा केलेला पत्रा. पत्र्याच्या वर डोकावणारं गावाचं नाव आम्हाला उलटं वाचावं लागे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नगरसेवक वस्तीत आले आणि मासेवाल्या बायांना म्हणाले, "उद्या इथी बसू नका बाई. पाहुणे येऊन राह्यले."

तो उद्या अजून संपलेला नाही. बायांना पुन्हा तिथे बसू दिलं नाही. जागा दिली ती बाजाराच्या मागे, जिथे कोणी मुद्दाम गेल्याशिवाय जात नाही. जाऊबाई टोपलं डोक्यावर घेऊन तिकडे जाऊ लागल्या, अर्धी मासळी परत आणू लागल्या.

उद्घाटन मात्र छान झालं. हे मला लिहायलाच हवं, कारण त्या संध्याकाळी मीही नवीन साडी नेसले होते. कारंजं उडालं, दिवे लागले, बदाम लाल झाला. जाऊबाई अक्षरांपुढे उभ्या राहिल्या आणि मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरापुढे कोणी काही बांधलं होतं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "गतिरोधक नाई केला पण." मी त्याला म्हटलं, तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही का.

पहिला माणूस आला तो त्याच आठवड्यात. मी उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसले होते. मोटारसायकलवर नवरा, बायको, लेकरू. कपडे नीटनेटके. तिघांनी बदामापुढे फोटो काढला, मग त्याने मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि अक्षरांच्या मागे आला. मी त्याला दिसले. दिसले नाही असं नाही, नजरेला नजर भिडली. त्याने फक्त थोडं अंग फिरवलं. मला आधी कळलंच नाही हा काय करतोय. कळलं तेव्हा मी सूप घेऊन आत गेले आणि दार लावलं. मलाच लाज वाटली. आज त्याचा सगळ्यात जास्त राग येतो, की मी आत गेले.

त्यानंतर कोणी मोजावं? सकाळी बसची वाट पाहणारे, दुपारी ट्रकवाले, संध्याकाळी फिरायला येणारे. समोरून फोटो, मागून मुतणं. मुतारी पाडलेली, थांबा नाही, गडी माणसाला आडोसा हवा, आणि सरकारने उभा केलेला एवढा मोठा आडोसा. पत्र्यावर पांढरे ओघळ वाळले, मग पिवळे झाले, मग अँगलचा रंग सोलून गंज खाली उतरू लागला. ओट्याच्या कडेने खर्र्याच्या पन्न्यांचा थर जमला. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा, पिचकारी मारायची, पन्नी तिथेच टाकायची. कारंज्याचं पाणी तर कधीच बंद पडलं होतं. त्या पांढऱ्या फरशीच्या हौदात आता लाल थुंकीचं डबकं होतं आणि त्यावर माशा.

वास मी कसा सांगू? तो नुसता नाकात राहत नाही. भातात येतो. दुपारी ऊन तापलं की चटका लागल्यासारखा डोळ्यांत येतो. मी वरणाला फोडणी दिली की घरातले सगळे वाट पाहायचे, निदान तेवढा वेळ लसणाचा वास राहील म्हणून. धुतलेले कपडे पुढे वाळत घालणं मी बंद केलं. माझ्या बहिणीच्या मुलीला पाहायला कुरखेड्याचे पाहुणे यायचे होते, ते कार्य आमच्या घरी ठरलं होतं. बहीण आदल्या दिवशी येऊन गेली, दारात उभी राहिली, आणि म्हणाली, "आमच्याकडंच करू." मी का म्हणून विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

नवरा बोलणारा माणूस नाही. तो बाजारात गेला आणि देवांची चित्रं असलेल्या टाइल्स घेऊन आला. ओट्याच्या मागच्या बाजूला त्याने त्या ओळीने सिमेंटमध्ये बसवल्या. दोन दिवस खरंच बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी आणि जाऊबाई दारात असताना एक मध्यम वयाचा माणूस आला. त्याने चपला काढल्या, देवांना हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मग चपला घातल्या आणि थोडा बाजूला सरकून उभा राहिला.

तो गेल्यावर जाऊबाई पहार घेऊन गेल्या आणि एकेक टाइल उपटून काढली. दोन फुटल्या. उरलेल्या त्यांनी राख लावून घासल्या आणि आपल्या स्वयंपाकघरात मांडणीवर ठेवल्या.

"देवाले काऊन बसवता घाणीत?" त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपण बसलो तेवढं पुरे नाई का?"

मग आम्ही नगरपंचायतीत गेलो. नवरा आणि मी. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत नगरसेवक बसलेले होते, आणखी तिघे-चौघे होते, चहा चालला होता. बसा म्हणाले, पण रिकामी खुर्ची नव्हती. नवऱ्याने हात जोडून सांगितलं, "भाऊ, लोकं आमच्या दारात मुतून राह्यले. राहणं कठीण झालं."

"आता मी का एकेकाच्या मागं फिरू?" ते म्हणाले. "लोकाइले समजाले पायजे."

"मुतारी होती ते पाडली जी. ते तरी बांधून द्या."

"चौकात मुतारी? एवढा चांगला चौक झाला, तिथी मुतारी बांधू?" ते बाकीच्यांकडे पाहून हसले. मग आमच्याकडे वळून, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अन् भाऊ, तुमच्या तिकडं तसाई वास राह्यतेच ना, मासोळीचा. तुमाले एवढं काय जाणवते?"

खोलीतले लोक हसले. मोठ्याने नाही. टेबलामागच्या कारकून मुलीने मान खाली घातली. माझा नवरा म्हणाला, "हो जी." आणि उभाच राहिला, अजून काही उत्तर यायचं असेल असा.

त्या "हो जी"ची मला किळस आली, आणि ती नवऱ्याची नाही. ते दोन शब्द त्याच्या तोंडात कोणी आणि किती पिढ्या घालून ठेवले असतील, त्याची. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. बसमध्ये जाऊबाईंचं टोपलं पाहून बाया खिडकीकडे तोंड करायच्या. त्यांच्याच घरी संध्याकाळी आमची मासळी शिजायची. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं आणि मी त्याला काही नाव दिलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आमच्या दारात येऊन जे उभे राहतात, त्यांना आडोसा हवा असतो हे खरं, पण बाकी कोणाच्या दारात ते असे उभे राहिले असते का? फाट्यावर कापडाच्या दुकानाची भिंत आहे, पतसंस्थेची भिंत आहे. तिथे कोणी जात नाही.

घरी आलो तेव्हा जाऊबाई अंगणात मासळी घासत होत्या. नवरा सरळ तलावाकडे निघून गेला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मासोळीचा वास म्हणे?" त्या म्हणाल्या. "मासोळी आपण धुतो, खातो, कोणाच्या दारात नाई टाकत. हा वास कोणाचा हाये, ते सांग म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली बाज उचलली आणि अक्षरांच्या मागे नेऊन टाकली. आधी चुना मारला, फिनाइल ओतलं, पन्न्या गोळा करून जाळल्या. मग भाजी, विळी, पाण्याचा गडू घेऊन तिथे बसल्या. घाणीच्या भिंतीला पाठ लावून नाही, तिच्याकडे तोंड करून. मी म्हटलं, "बाई, इथी जेवण तरी कसं उतरंल तुम्हाले?"

"नाई उतरत," त्या म्हणाल्या. "पण त्याइचंही नाई उतरलं पायजे."

माणसं यायची. बदामाला वळसा घालून मागे आली की समोर बाजेवर बसलेली म्हातारी. काही जण तसेच मागे फिरायचे. काही मोबाइल कानाला लावून बोलल्यासारखं करायचे. एकाने तर तक्रारीच्या सुरात म्हटलं, "बाई, जरा तिकडं तोंड करा ना."

"मी काऊन करू? माहं घर इथी हाये. तू तुह्या घरी जा."

अंगणवाडी सुटली की मी जाऊन त्यांच्याजवळ बसायचे. वस्तीतल्या बाया येता-जाता टेकायच्या, पण फार वेळ कोणी थांबत नसे. थांबवतही नसे. जुना मुरलेला वास चुन्याने जात नाही. डोकं दुखायचं. जाऊबाईंना खोकला लागला. पण ओघळ वाळले, पन्न्या कमी झाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मला माझ्याच अंगणात ओल्या जाळ्याचा वास आला. मी तो ओढून घेतला, कोणी फुलाचा घ्यावा तसा.

मग महाशिवरात्र आली.

मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी सगळी वाहनं आमच्या फाट्यावरून जातात. आधीही थांबायची, पण आता बदाम होता. बस थांबली की माणसं उतरून फोटो काढायला धावायची. त्या दिवशी सकाळपासूनच रांग लागली. जाऊबाई बाजेवर, मी सुट्टी म्हणून त्यांच्याजवळ. एकट्यादुकट्या माणसाला म्हातारीची भीड पडते, पण टेम्पोभर माणसं एकदम आली की कोणालाच पडत नाही. पाचसहा जण आमच्या डोळ्यांदेखत ओळीने उभे राहिले आणि हसत राहिले.

बाया मात्र टेम्पोतून उतरून तिथेच घुटमळायच्या. इकडे पाहा, तिकडे पाहा. त्यांना कुठला आडोसा? शेवटी एक वयस्क बाई आमच्याकडे आली. गोंडपिपरीच्या पलीकडची होती. चेहरा कळवळलेला.

"बाई, घरी संडास हाये का जी? जरा जाऊ देसान का?"

जाऊबाई म्हणाल्या, "जा माय. आत जा, डाव्या हाताले."

ती गेली तशा दुसऱ्या आल्या. आमच्या अंगणात रांग लागली. नवरा मागून पाणी भरून आणत राहिला. एक तरणी पोर मला म्हणाली, "आमी कालपासून पाणीच नाई पेलो काकू, वाटंत जाता येत नाई म्हणून." मी तिला गडूभर पाणी दिलं. ती घाबरत प्यायली.

तेवढ्यात जाऊबाईंचा आवाज चढलेला ऐकू आला. त्या पहिल्या वयस्क बाईचा नवरा, धोतर-टोपीतला, कपाळाला भस्म लावलेला, भिंतीशी उभा होता. जाऊबाई बाजेवरून उठून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुही बायको माह्या संडासात गेली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलत होत्या, "अन् तू माह्या दारात मुतून राह्यला? तुले विचाराचं काऊन नाई सुचलं रे? तोंड नाई का तुले?"

तो धोतर सावरत वळला. लाजला नव्हता, चिडला होता. "बाईमाणसाचं वेगळं असते," तो म्हणाला. "गड्यानं का घरात जाऊन बसावं? अन् हे का तुही जागा हाये?"

त्याची बायको आमच्या दारातून बाहेर येत होती. तिने ऐकलं. रांजणाजवळ बादली होती ती तिने उचलली, रांगेतल्या बायांमधून वाट काढत भिंतीपर्यंत गेली आणि जिथे तो उभा होता तिथे सगळं पाणी ओतलं. त्याच्या पायांवर उडालं. मग बादली परत आणून होती तिथे ठेवली, जाऊबाईंच्या पाया पडली आणि टेम्पोत जाऊन बसली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तो गेला.

त्या वर्षभरात मला जर कधी बरं वाटलं असेल, तर त्या क्षणी. पण तो टेम्पो गेला आणि त्याच्यामागे दुसरा येऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत भिंत पुन्हा न्हाऊन निघाली होती. जत्रा आटोपून परत जाणारी माणसं तर दर्शन घेतलेली, प्रसाद खाल्लेली.

जत्रेनंतर नगरपंचायतीची माणसं आली ती बाज उचलायला.

"अतिक्रमण होते बाई," त्यातला एक म्हणाला. "तक्रार आली. अन् पाहणीची चमूही येऊन राह्यली."

"मी बसली तर अतिक्रमण?" जाऊबाई म्हणाल्या. "अन् हे मुतून राह्यले ते काय हाये?"

माणूस वाईट नव्हता, त्याने बाज ट्रॉलीत हळूच ठेवली. ती कार्यालयाच्या आवारात पडून आहे, अजून. दोर सडले असतील.

गावोगावची स्वच्छता तपासणारी चमू येणार म्हणून भिंत मागून धुतली, पांढरी पावडर टाकली, अक्षरांना नवा रंग दिला, कारंज्यात टँकरचं पाणी सोडलं. आम्हाला सांगून गेले की त्या दिवशी अंगणात जाळी वाळत घालू नका, फोटोत येतात. चमू आली. गाडीतून एक तरुण बाई उतरली, तोंडाला मास्क, हातात टॅब. ती माझ्याच दारात आली आणि वाचून विचारलं, "चौकाचं सुशोभीकरण झालं, त्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

मी म्हटलं, "ताई, मागे येऊन पाहा."

त्याच वेळी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर अक्षरांच्या मागे उभा होता. आमच्याकडे पाठ करून. पांढऱ्या पावडरवर. तिनेही पाहिलं. तिचे डोळे तेवढे मास्कच्या वर दिसत होते, ते पटकन टॅबकडे गेले.

"मागचा भाग आमच्या पाहणीत येत नाही," ती म्हणाली.

शिव्या मला येतात, वस्तीत वाढलेली आहे मी. पण तोंडात नुसती लाळ आली, ओकारीच्या आधी येते तशी. मी आत गेले आणि मोरीत जाऊन खरोखरच ओकले.

त्यानंतर नवऱ्याने निर्णय घेतला. कोणाला विचारलं नाही. विटा आणल्या, वस्तीतल्या एकाला हाताशी धरलं आणि आमचं पुढचं दार काढून तिथे भिंत बांधली. मागच्या भिंतीला भगदाड पाडून तेच दार तिकडे बसवलं, तलावाच्या बाजूला. मी त्याला विटा देत होते. मला ते पटलं होतं. उलट आधी का केलं नाही असं वाटलं. आता कोणी पाहुणा आला की चौकात उभा राहून फोन करतो, "तुमचं घर दिसत नाई बा, कुठी गेलं?" मी सांगते, वस्तीतून ये.

जाऊबाईंच्या अर्ध्यालाही तसंच करू म्हणून नवरा गेला, तर त्या दारात आडव्या झाल्या.

"तू फिरव पाठ," त्या म्हणाल्या. "मी नाई फिरवत. या दारातून मी लग्न होऊन आली. मी काऊन मांगून जाऊ? घाण करणाऱ्यानं मांगून जावं."

"खोकला पाहा तुमचा, वहिनी," नवरा म्हणाला.

"माहा खोकला मी पाहीन."

त्यामुळे आता घराचं एक अर्ध तलावाकडे पाहतं आणि एक चौकाकडे. मधलं दार उघडं असतं, आणि माझ्याकडे कितीही भिंत बांधली तरी दुपारचा वास त्या दारातून येतोच. जाऊबाई आपल्या उंबरठ्याच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. ती जागा त्यांची आहे, तिथून कोणी उठवू शकत नाही. माणसांना ओरडणं त्यांनी बरंचसं सोडून दिलं. पण बाया येतात. जत्रेपासून कसं कोण जाणे, ही गोष्ट पसरली. बसमधून उतरलेल्या, दवाखान्यात चाललेल्या, परीक्षेला चाललेल्या पोरी, फाट्यावर विचारतात आणि कोणीतरी बोट दाखवतं. जाऊबाईंनी संडासाच्या दारात साबणाची वडी आणि भरलेली बादली ठेवायला सुरुवात केली. मी एकदा म्हटलं, हे काम आपलं आहे का? त्या म्हणाल्या, "मंग कोणाचं हाये?"

मागे निवडणुकीचा प्रचार होता. चौकात सभा होती, अक्षरांच्या पुढे मांडव. दुपारचं ऊन. मी मधल्या दारात उभी असताना जाऊबाईंच्या अंगणात एक बाई घाईघाईने आली. गळ्यात दुपट्टा, कपाळावर घाम, मागे दोघी मैत्रिणी. मी ओळखलं. नगरसेवकाची बायको होती. तिने काही विचारण्याआधीच जाऊबाईंनी हाताने आत दाखवलं. ती आत गेली. बाहेर आल्यावर जाऊबाईंनी तिच्या हातावर पाणी घातलं, पुसायला फडकं दिलं.

"लय उपकार झाले, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज खरा होता, हेही मी सांगते.

"जाय माय," जाऊबाई म्हणाल्या.

ती गेल्यावर मी जाऊबाईंवर घसरलेच. "तुम्ही बोलल्या काऊन नाई? सापडली होती ना हाती! तुह्या नवऱ्याले विचार म्हणायचं, मासोळीचा वास आला का म्हणून विचारायचं!"

"तिले लागली होती," जाऊबाई म्हणाल्या. "अडलेल्या बाईले का दारात उभी करून तोंड वाजवू? तिच्या नवऱ्यानं मुतारी पाडली, तिनं का पाडली?"

मी तेवढी मोठी नाही. मला जमत नाही. लाउडस्पीकरवर चौकाचा कायापालट कसा झाला ते सांगणं सुरू होतं, आणि मांडवातून उठून आलेले तिघे-चौघे गळ्यात पक्षाचे दुपट्टे घालून पत्र्याशी ओळीने उभे होते, जाऊबाईंच्या समोर. त्यातला एक वळून त्यांच्याकडे पाहून हसला सुद्धा. मी आत गेले. संडासात फिनाइलची अर्धी बाटली ओतली आणि खराट्याने घासत सुटले. फरशी, भांडं, भिंत, दाराची कडी, त्या बाईचा हात लागला असेल नसेल ते सगळं. हात चुरचुरायला लागले तरी थांबले नाही. एक बादली ओतली, दुसरी भरायला घेतली.

जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पुरे कर," त्या म्हणाल्या. "पाणी ठेव. अजून बाया येतीन."